बर्लिनमध्ये चौघांचं घर: वर्षाला ७२ हजार युरोत भागेल का?

पत्ता_बदलतोय

नमस्कार मंडळी. बर्लिनमधल्या एका कंपनीची ऑफर हातात आहे. वर्षाला ७२,००० युरो ग्रॉस, ब्ल्यू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना), यंदा (२०२६) सप्टेंबरपासून रुजू व्हायचं. आम्ही चौघं: मी, बायको (पुण्यातली नोकरी सोडून येईल, तिचा पगार वर्षाला साधारण १५ लाख), मुलगी ७ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. जर्मन कोणालाच येत नाही.

नेटवर खर्चाचे जे तक्ते मिळतात ते विद्यार्थ्यांचे किंवा एकट्या माणसाचे असतात. त्यामुळे विचारतो: कर आणि विमा जाऊन हातात किती येतात? तीन खोल्यांचं घर किती युरोला मिळतं? एजंट खासगी आरोग्य विमा घ्या म्हणतोय, घ्यावा का? मुलांच्या शाळा-पाळणाघराचा खर्च किती धरू? आणि मी आधी जाऊन कुटुंबाला जानेवारीत बोलावणं बरं, की सगळ्यांनी एकदमच निघावं?

---

हिशेबनीस

आधी हातात येणारी रक्कम काढू. महिन्याला ६,००० ग्रॉस. यातून पेन्शनचे ९.३ टक्के म्हणजे ५५८ आणि बेकारी विम्याचे १.३ टक्के म्हणजे ७८ जातात. सरकारी आरोग्य विम्याचा दर १४.६ टक्के, वर विमा संस्थेचा जादा हप्ता (२०२६ची सरासरी २.९ टक्के). त्यातला निम्मा तुमचा, आणि तोही महिना ५,८१२.५० युरोपर्यंतच्याच पगारावर, म्हणून साधारण ५१०. देखभाल विम्याचे (म्हातारपण-आजारपणातल्या शुश्रूषेचा विमा) दोन मुलं असल्यामुळे ९० च्या आसपास. झाले १,२३५.

राहिला आयकर, आणि इथेच कुटुंबवाल्यांचं गणित वेगळं होतं. कुटुंब भारतात असेपर्यंत तुम्ही करवर्ग १ मध्ये, हातात ३,६५० ते ३,७०० येतील. बायको बर्लिनमध्ये नोंदली गेली की आपोआप दोघांना वर्ग ४ लागतो. त्याने तुमच्या पगारात काही फरक पडत नाही. ती कमावत नसेल तर ३/५ ची जोडी (तुम्हाला वर्ग ३, तिला ५) अर्ज करून मागावी लागते. ती मिळाली की हातात ४,१०० च्या थोडे वर. महिन्याला साडेचारशेचा फरक आहे, आणि अर्ज न केल्याने वर्षभर वर्ग ४ मध्येच बसलेली जोडपी भरपूर आहेत. वर्षाअखेर विवरणपत्र भरल्यावर पैसे परत येतात हे खरं, पण नव्या घराच्या पहिल्या वर्षी रोकडच कमी पडते.

वर दोन मुलांचं किंडरगेल्ड (सरकारी बालभत्ता): २०२६ मध्ये प्रत्येकी २५९, म्हणजे ५१८. ब्ल्यू कार्डवाल्यांना मिळतं. मागचे पैसे फक्त सहा महिन्यांचे देतात, म्हणून मुलं पोचली की अर्ज लांबवू नका. मुलांचे कर क्रमांक लागतात, ते पत्त्याची नोंद झाल्यावर टपालाने घरी येतात.

म्हणजे गाडी रुळावर आल्यावर महिन्याला ४,६००-४,६५०. खर्चाची माझी मांडणी अशी: घर (हीटिंगसकट) १,८००, वीज ९०, इंटरनेट आणि दोन मोबाइल ६५, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी १८.३६ (टीव्ही नसला तरी, घरामागे एकदाच), दोन डॉइचलांड-टिकिटं (देशभर चालणारा बस-लोकलचा मासिक पास) १२६, किराणा-भाजी-दूध ७००, साबण-डायपर-औषधं १२०, कपडे-बूट १५०, बाहेर खाणं-फिरणं १५०, किटाचं (पाळणाघराचं) जेवण २३, दायित्व विमा ८. बेरीज ३,२५० च्या आसपास. उरतात तेराशे-चौदाशे. त्यातून भारताच्या फेरीसाठी महिना ३०० बाजूला काढायचे. शाळेच्या सुटीत चौघांची तिकिटं तीन ते चार हजारांना पडतात.

यादीतल्या किराण्यावर लोक पानंच्या पानं लिहितात, पण तिथे काटकसर करून महिना शंभर वाचतील. घराच्या करारावर सही करताना चूक केली तर महिना पाचशे जातील.

खासगी विम्याचं: ७२,००० वर तो तुम्हाला घेताच येत नाही. २०२६ची मर्यादा वर्षाला ७७,४०० आहे, त्याखालच्या नोकरदाराला सरकारी विमा सक्तीचा. एजंटला हे माहीत नसेल तर एजंट बदला, माहीत असेल तर लगेच बदला. तसंही सरकारी विम्यात कमाई नसलेली बायको आणि दोन्ही मुलं एकाच हप्त्यात बसतात. खासगीत माणशी वेगळा हप्ता असतो.

---

श्प्रेकाठ

घराबद्दल सविस्तर लिहितो, कारण जाहिरातीतला आकडा आणि खात्यातून जाणारा आकडा एक नसतो.

काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. त्यावर नेबेनकोस्टन (पाणी, कचरा, जिना साफ करणं, इमारतीचा विमा, मालमत्ता कर) आणि हीटिंगची आगाऊ रक्कम धरली की वार्ममीटे. ७५-८० चौरस मीटरच्या तीन खोल्या म्हणजे बैठक धरून तीन, स्वयंपाकघर आणि बाथरूम वेगळं. आपल्या भाषेत टू बीएचके. रिंगच्या (शहराच्या मध्यभागाभोवतीच्या वर्तुळाकार लोकल मार्गाच्या) बाहेर आजच्या बाजारात काल्ट १,४५० + नेबेनकोस्टन २५० + हीटिंग १२० = १,८२० ही मधली रक्कम समजा.

आता फसगत कुठे होते. बर्लिनच्या जुन्या इमारतींत पुष्कळ ठिकाणी घरातच गॅसचा बॉयलर असतो, भिंतीवर टांगलेला, गास-एटाजेनहाइत्सुंग म्हणतात. अशा घराच्या जाहिरातीतल्या ‘वार्म’ आकड्यात हीटिंग नसतं. गॅसचा करार तुम्ही स्वतः करायचा आणि महिन्याला शंभर-दीडशे वेगळे मोजायचे. जाहिरातीत ‘हाइत्सकोस्टन नेबेनकोस्टनमध्ये समाविष्ट आहेत का’ अशी ओळ असते, तिथे हो आहे का नाही ते बघा. घर बघायला गेलात की स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या भिंतीवर पांढरी पेटी दिसते का तेही बघा.

दुसरं, ही आगाऊ रक्कम अंदाजाची असते. खरा हिशेब वर्ष संपल्यानंतर बारा महिन्यांच्या आत कधीही येऊ शकतो. २०२६च्या हिवाळ्याचं बिल २०२७च्या डिसेंबरात दारात पडलं तरी ते कायदेशीर आहे. घरमालक भाडं कमी दिसावं म्हणून हीटिंगची आगाऊ रक्कम मुद्दाम कमी ठेवतात. ८० मीटरच्या घराला कोणी ६० युरो हीटिंग लिहिलं असेल तर आधीच्या वर्षाचा हिशेब दाखवा म्हणा. मुदत उलटल्यावर आलेली मागणी द्यावी लागत नाही, आणि आलेल्या हिशेबावर हरकत घ्यायला तुम्हाला बारा महिने मिळतात.

अनामत (काउत्सिओन) जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं. वरच्या उदाहरणात ४,३५०. कायद्याने ती तीन समान हप्त्यांत देता येते: पहिला भाडं सुरू होताना, पुढचे दोन पुढच्या दोन भाड्यांबरोबर. सगळी एकदम मागतात, पण हप्त्यांचा हक्क करारानेही काढून घेता येत नाही. दलालाचे पैसे, तुम्ही स्वतःहून दलाल नेमला नसेल तर, घरमालकाचे. हा नियम २०१५ पासून आहे.

भाडं जास्त वाटलं तर मीटश्पीगल बघा, शहराने काढलेली त्या-त्या भागाची भाड्याची पट्टी. भाडं नियंत्रणाखालच्या घराला नवीन करारात त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. अपवाद मोठे आहेत: १ ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेली घरं, संपूर्ण नूतनीकरण झालेली घरं, आणि थोड्या काळापुरती दिलेली. सुसज्ज-तात्पुरत्या घरांचा एवढा सुळसुळाट का आहे याचं उत्तर त्या शेवटच्या अपवादात आहे.

---

तिसरा_मजला

१,८०० हा आकडा श्पांडाउ, मार्त्सान, रायनिकेनडोर्फ, क्योपेनिक इकडचा. प्रेन्त्सलाउअर बेर्ग किंवा शार्लोटेनबुर्गला तेवढ्याच घराला २,२०० च्या पुढे तयारी ठेवा. आणि नवख्याला पहिल्याच महिन्यात १,८०० चं घर मिळेल असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. तीन-चार महिने शोधण्यात जातात.

शहराच्या मालकीच्या सहा घरसंस्था आहेत: देगेवो, गेवोबाग, होवोगे, गेसोबाउ, श्टाट उंड लांड, वेबेएम. ‘इनबर्लिनवोनन’ या एकाच पोर्टलवर सगळ्यांच्या जाहिराती येतात. सकाळी टाकलेली जाहिरात दुपारी उतरते, म्हणून सूचना लावून ठेवा. त्यातल्या बऱ्याच घरांना वेबेएस हा दाखला (ठरावीक उत्पन्नाखालच्यांना सवलतीच्या घरासाठी मिळणारा) लागतो. नोकरदार लोक तो गरिबांसाठी असतो म्हणून बघतही नाहीत. पण उत्पन्न मोजताना कर, पेन्शन, आरोग्य विमा यांसाठी ठोक वजावट मिळते, मुलांमागे मर्यादा वाढते, आणि २०२३ पासून बर्लिनने २२० पर्यंतचा टप्पा (मूळ उत्पन्न मर्यादेच्या २२० टक्के) केला आहे. दोन मुलांच्या एका पगाराच्या घराने हे गणित करून बघावंच. निवास परवाना किमान वर्षभर शिल्लक असावा लागतो.

---

पत्ता_बदलतोय

खूप आभार, एवढं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. मग पहिले तीन-चार महिने राहायचं कुठे? सुसज्ज घरं २,०००-२,५०० ची दिसतायत. आणि जानेवारीचा प्रश्न राहिला. बायकोच्या कंपनीला डिसेंबरअखेरपर्यंत काम करून दिलं तर बरं, असं तिचं म्हणणं आहे.

---

कागदी_घोडा

डिसेंबरअखेर आणि जानेवारी यात कराच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जर्मनीत नवरा-बायकोचं एकत्रित विवरणपत्र भरता येतं, दोघांचं उत्पन्न एकत्र करून निम्मं-निम्मं धरतात, म्हणून कर कमी बसतो. त्यासाठी दोघंही त्या वर्षात जर्मनीत राहणारे असावे लागतात, पण वर्षभर नव्हे. वर्षातला एखादा दिवस दोघांचं घर जर्मनीत असलं की ते अख्खं वर्ष एकत्रित भरता येतं. कुटुंब २० डिसेंबरला उतरून पत्ता नोंदवून मोकळं झालं तर २०२६ एकत्रित. ५ जानेवारीला आलं तर २०२६ तुम्ही एकटे.

दुसरी बाजूही बघा. त्या वर्षी भारतात मिळालेला पगार (दोघांचा) जर्मनीत करपात्र नसला तरी कराचा दर ठरवताना मोजतात. बायकोचे १५ लाख म्हणजे आजच्या भावाने १४ हजार युरोच्या आसपास. तुमचेही जानेवारी ते ऑगस्टचे भारतातले पगार धरले जातील. तरी बहुतेक वेळा एकत्रित भरणं फायद्याचंच ठरतं, कारण चार महिन्यांचा पगार कापताना वर्ग १ ने तो बाराही महिने मिळणार आहे असं धरून कर कापलेला असतो. दोन्ही प्रकारे हिशेब करून बघा. सॉफ्टवेअर तीस-चाळीस युरोला मिळतं. अशा वर्षी विवरणपत्र भरणं सक्तीचं आहे, मुदत पुढच्या वर्षाची ३१ जुलै. फॉर्म १६ आणि पगारपत्रकं बरोबर आणा. कामासाठी केलेल्या स्थलांतराचा खर्च (तिकिटं, सामान पाठवणं) कंपनीने दिला नसेल तर वजावटीत धरता येतो, बोर्डिंग पासही टाकू नका.

आता घर. सुसज्ज घर घेताना पहिला प्रश्न भाड्याचा नव्हे, तिथे आनमेल्डुंग (पत्त्याची नोंद) होते का हा. ‘होईल बहुतेक’ हे उत्तर नाही. घरमालकाने सही केलेला एक पानी दाखला लागतो, वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग, तो देणार असं करारात लिहून घ्या. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नोंद करायची असते. अपॉइंटमेंट त्या मुदतीत मिळाली नाही तर निदान मुदतीत घेतल्याचा पुरावा ठेवा, आणि बाराही भागांतलं कुठलंही ब्युर्गरआम्ट (नागरिक कार्यालय) चालतं, आपल्याच भागातलं हवं असं नाही.

ही नोंद अडली की पुढचं सगळं अडतं. कर क्रमांक येत नाही, मग पगार विभाग वर्ग ६ लावू शकतो आणि पगाराचा मोठा लचका जातो. किंडरगेल्ड नाही, किटाचा गुटशाइन (जागेसाठीचं हक्कपत्र) नाही, शाळा नाही. नोंद न होणारं घर महिना ३०० ने स्वस्त असलं तरी कुटुंबवाल्यांना ते महागच.

नोंदीच्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. तिथे चर्चच्या यादीत नाव लागलं तर बर्लिनमध्ये आयकराच्या ९ टक्के चर्चकर कापतात. आपल्याला लागू नाही, ‘काही नाही’ असं नोंदवलंय ना ते बाहेर पडायच्या आत छापील कागदावर तपासा.

लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मनमध्ये करून घ्या, पानामागे चाळीस-पन्नास युरो. त्याआधी एक बघा: बायकोचं नाव पासपोर्टवर, लग्नाच्या दाखल्यावर आणि मुलांच्या जन्मदाखल्यावर एकसारखं आहे का? कुठे माहेरचं, कुठे सासरचं, कुठे मधलं नाव गाळलेलं, असं असेल तर पुण्यातच दुरुस्त करा. तिथे बसून ते निस्तरताना वर्ग ३/५ चे महिने वाया जातात.

रोख रक्कम: अनामत ४,३५०, पहिलं भाडं १,८२०, सुसज्ज घराचे तीन-चार महिने (आणि शेवटी एक महिना दोन्ही घरांचं भाडं), फर्निचर तीन-साडेतीन हजार, थंडीचे कपडे ७००, व्हिसा आणि निवास परवान्याची फी चौघांची मिळून पाचशेच्या आसपास. पगार सुरू झाल्यावर सुसज्ज घराचं भाडं त्यातून निघतं हे धरूनही १५ हजार युरो हाताशी असावेत. भारतातून एका आर्थिक वर्षात माणशी १० लाखांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते. विवरणपत्रात तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. दोघांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर पाठवलं तर बहुधा त्या मर्यादेतच बसाल.

---

हिशेबनीस

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी. बायकोने तिकडून भारतीय कंपनीचं काम चालू ठेवायचं डोक्यात असेल तर दोन गोष्टी आहेत. बर्लिनमध्ये बसून केलेल्या कामावर जर्मन कर आणि जर्मन सामाजिक विम्याचा प्रश्न येतो, पगार पुण्याच्या खात्यात जमा झाला तरी. आणि तुमच्या विम्यात फुकट बसायची तिची मर्यादा २०२६ ला महिना ५६५ युरो उत्पन्नाची आहे (मिनी-जॉबला ६०३). पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं तिच्या नावावर येत असेल तर तेही उत्पन्नच. विमा संस्था दरवर्षी फॉर्म पाठवून विचारते.

---

पाटी_पेन्सिल

मुलांचं. बर्लिन या बाबतीत खरंच स्वस्त आहे, आणि बाकी खर्चाचे तक्ते इथेच चुकतात.

किटा (पाळणाघर ते बालवाडी) ऑगस्ट २०१८ पासून सगळ्या वयांना मोफत. फक्त जेवणाचे महिना २३ युरो. काही किटा ‘इंग्रजी’, ‘सेंद्रिय नाश्ता’, ‘योग’ अशा नावाखाली जादा पैसे मागतात. त्यावर वरची मर्यादा आहे, आणि ती सेवा नाकारूनही जागा देणं त्यांना भाग आहे. गुटशाइनचा अर्ज युगेंडआम्टकडे (बाल-युवक कार्यालय), प्रवेशाच्या नऊ ते दोन महिने आधी. त्यामुळे नोंद झाली की त्याच आठवड्यात टाका. बायको घरी असेल तर साधारण ७ तासांपर्यंतचा गुटशाइन मिळतो. जास्त तास हवे असतील तर नोकरी किंवा भाषेच्या कोर्सचा कागद जोडायचा. गुटशाइन म्हणजे जागा नव्हे, जागा तुम्हीच शोधायची. ईमेलची उत्तरं फारशी येत नाहीत, सकाळी नऊनंतर मुलाला घेऊन प्रत्यक्ष गेलेलं बरं. आणि सुरुवातीचे दोन ते चार आठवडे सवय लावण्याचे असतात, रोज थोडा-थोडा वेळ, आई किंवा बाबा शेजारच्या खोलीत. त्या काळात दोघांनाही पूर्णवेळ काम जमत नाही, बायकोच्या नोकरीची तारीख ठरवताना हे धरा.

मुलगी सरकारी ग्रुंडशूलला (प्राथमिक शाळेला) जाईल, बर्लिनमध्ये ती सहावीपर्यंत असते. फी नाही, पाठ्यपुस्तकं मोफत, सहावीपर्यंत दुपारचं जेवण मोफत, शहरांतर्गत बस-ट्रेनचा पास मोफत (अर्ज करावा लागतो). शाळेनंतरचा हॉर्ट (दुपारची देखभाल) सुरुवातीच्या इयत्तांना मोफत, पुढे पगारानुसार पैसे. पहिली-दुसरीच्या वयाची मुलं जर्मन येत नसलं तरी नेहमीच्या वर्गातच बसवतात आणि भाषेचा जादा तास देतात, वेगळे स्वागतवर्ग त्यापुढच्या मुलांसाठी. सात वर्षांच्या मुलीला हे वय चांगलं आहे.

खर्च होतो तो दप्तरावर. तिथलं कडक पाठीचं दप्तर नवीन दोनशे-अडीचशेला जातं. क्लाइनआनत्साइगेनवर (जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची वेबसाइट) तेच वापरलेलं चाळीस-पन्नासला मिळतं. पावसाळी पँट, गमबूट, बर्फाचा सूट, हातमोजे हे सगळं वापरलेलंच घ्या, मुलं एका हंगामात वाढतात.

खासगी आंतरराष्ट्रीय शाळा हजारांत जातात, एका पगारात दोन मुलांसाठी विषय सोडा. दोन-तीन वर्षांत परतायचं नक्की असेल तर इंग्रजी-जर्मन सरकारी शाळांचा विचार करा (नेल्सन मंडेला शाळा, युरोपा-शूल). फी नाही, पण जागा मोजक्या आणि भाषेची चाचणी असते.

---

कुकरची_शिट्टी

सामानाबद्दल कोणीच लिहिलं नाही. अॅल्युमिनियमचा कुकर आणू नका. बऱ्याच घरांत काचेची सपाट शेगडी असते. ती इंडक्शन असेल तर अॅल्युमिनियम गरमच होत नाही. स्टीलचा, लोहचुंबक चिकटेल अशा बुडाचा कुकर आणा आणि दोन जादा रिंगा, त्या रिंगा तिथे मिळत नाहीत. तव्याचं बूडही सपाट हवं. मिक्सर चालतो, व्होल्टेज तेच आहे, पण तीन पिनांचा प्लग बसत नाही. त्याला अर्थिंग असलेला अॅडॉप्टर घ्या, दोन पिनांचा स्वस्त जुगाड नको.

घर बघताना ‘ईबीके’ आहे का वाचा, म्हणजे स्वयंपाकघर बसवलेलं आहे. बर्लिनमध्ये निदान शेगडी आणि सिंक असतं, पण कपाटं, फ्रिज, कधी दिवेसुद्धा नसतात, छतातून नुसत्या वायरी लोंबतात. जाणारा भाडेकरू त्याचं किचन ‘घ्या दोन हजाराला’ म्हणतो. वयाप्रमाणे घासाघीस करा. दहा वर्षं जुन्या किचनला दोन हजार द्यायचे नाहीत.

डाळ-तांदूळ-पीठ भारतीय दुकानातून महिन्यातून एकदा. भाजी, मोठ्या जुड्यांची कोथिंबीर, भेंडी, छोले, मसूर तुर्की दुकानांत निम्म्या भावात. मायबाखउफरचा बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो, संध्याकाळी उठायच्या वेळी पेटीच्या पेटी एक-दोन युरोला देतात. दूध, दही, अंडी, लोणी आल्डी-लिडलमधून. श्रीखंडाला क्वार्क आणा, चक्का टांगायची गरज नाही. रविवारी दुकानं बंद असतात हे पहिल्या शनिवारी विसरू नका. पाणी नळाचं पितात, फिल्टर नको, मात्र ते जड आहे. केटलीत पांढरा थर बसतो, व्हिनेगर उकळून काढायचा.

एक खर्च कोणी धरत नाही: बुरशी. हिवाळ्यात खिडक्या घट्ट बंद, आत कुकरची वाफ, खोलीत वाळत घातलेले कपडे. दोन महिन्यांत बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे काळे ठिपके येतात. घर सोडताना घरमालक ‘तुम्ही हवा खेळती ठेवली नाही’ म्हणून अनामतीतून रंगकामाचे पैसे कापतो. खिडकी तिरकी उघडी ठेवून उपयोग नाही, त्याने भिंत गार पडते आणि ओल जास्त धरते. दिवसातून तीनदा, रेडिएटर बंद करून, समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटं सताड उघडायच्या. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे. आठ-दहा युरोचा आर्द्रता मोजणारा काटा लावा, साठ टक्क्यांच्या वर गेला की उघडा. ताबा घेताना आधीपासून डाग असतील तर ताबापत्रकात लिहून घ्या, फोटोसकट.

---

पत्ता_बदलतोय

बायकोला दाखवलं, ती डिसेंबरच्या मध्याचं तिकीट बघतेय. एक शेवटचं: सुसज्ज घराची एक जाहिरात आहे, दोन खोल्या, मिटं या मध्यवर्ती भागात, १,३५० सगळं धरून. मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो म्हणतो, आधी अनामत आणि पासपोर्टची प्रत मागतोय. घ्यावं का?

---

श्प्रेकाठ

नाही. मिटंमध्ये सुसज्ज दोन खोल्या त्या भावात नसतात, आणि परदेशातला मालक व कुरियरची किल्ली हा ठरलेला सापळा आहे. पासपोर्टची प्रत गेली असेल तर तिचा वापर पुढच्या माणसाला फसवायला होतो, म्हणून यापुढे प्रत द्यावी लागली तर नंबर झाकून आणि आडवं ‘फक्त घरभाड्याच्या अर्जासाठी’ असं लिहून द्या.

तुम्हाला पहिल्या दोन महिन्यांसाठी एकट्याची खोली पुरे आहे, कुटुंबाचं घर आत्ता पुण्यातून घ्यायची गरज नाही. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला विचारा, बऱ्याच कंपन्यांचे सर्व्हिस अपार्टमेंटवाल्यांशी ठरलेले दर असतात आणि तिथे नोंद होते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दोन पगारपत्रकांसह, नोकरीच्या कराराची प्रत आणि शूफाचा (पत नोंदणी संस्थेचा) कागद जोडून अर्ज केलात तर नोव्हेंबरात कायमच्या घरासाठी तुमची फाइल जरा तरी वर येते. प्रोबेशन सहा महिन्यांचा असतो, काही मालक त्याला बिचकतात. नोकरी कायमस्वरूपी कराराची आहे असं कंपनीचं एका परिच्छेदाचं जर्मन पत्र जोडा. आणि पैसे पाठवायचे ते घर डोळ्यांनी बघून, करारावर दोघांच्या सह्या झाल्यावर, करारातल्याच नावाच्या जर्मन खात्यावर.